काणतंय का, सहाना?

…नाही, पण मी म्हणते, नाक! नाक कशाला लावायचं भिंतीला? तेही सकाळी सकाळी! अजून दात घासलेले नाहीत, कॉफीचा घोट पोटात गेलेला नाही, एका डोळ्यात झोप, दुसऱ्यात चिपाड, आणि तुम्ही आपल्या भिंतीला नाक लावून उभ्या, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरीसारख्या, आणि मागून आवाज काय? "काणतंय का?"

हसताय ना? हसा, हसा. मी पण हसते आता. भीती गेली म्हणून हसते! गेल्या महिन्यात भेटला असता तर रडून दाखवलं असतं.

थांबा, तुमच्यातले काही जण पुण्या-नाशिककडचे दिसताय. तुम्हाला तो शब्द आधीच समजावते, नाहीतर पुढं सगळा घोळ होईल, आमचा झाला तसा. आमचं घर लष्कर मोहल्ल्यात. खाली वेल्डिंगचं दुकान, वर आम्ही. किती पिढ्यांपासून मैसूरला, ते आमच्या तातांना विचारू नका, सांगत बसतील. ताता म्हणजे आजोबा. मानाजीराव. त्यांचे कोणी खापरपणजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. येताना भाला घेऊन आले आणि मराठी घेऊन आले. भाला गंजला, आणि मराठीत कन्नड मुरलं. आता आमच्या घरात अर्धं वाक्य मराठी, अर्धं कन्नड, आणि शेवटी "अल्वा?" म्हणजे "हो ना?" तर कन्नडात काणणं म्हणजे दिसणं. "काणतंय" म्हणजे दिसतंय. "काणत नाही" म्हणजे दिसत नाही. इतकं साधं. आता तुमच्या मराठीत काणा कोणाला म्हणतात ते मला कॉलेजात कळलं, हॉस्टेलवरच्या सांगलीच्या मुलीकडून. तातांना आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. आणि कोण सांगणार? तातांना काही सांगणं म्हणजे चामुंडी टेकडीला "जरा सरक" म्हणण्यासारखं आहे.

तर ताता. मिशा अजून पिळदार, पाठ अजून ताठ, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. थोडाथोडका नाही, पिकलेला! दुधावर साय धरावी तसा, समोरून बघितलं तरी काणतो… दिसतो! बघा, माझ्या तोंडात पण तेच. तपासणी शिबिरातल्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, ऑपरेशन करून घ्या, साधं असतं, जेवायला घरी याल. ताता म्हणाले, "मानाजीरावाच्या डोळ्याला सुरी? घोडदळाची नजर आहे ही!"

अहो, घोडदळाची असेल! पण चालवता तुम्ही स्कूटर! घोड्याला निदान स्वतःचे डोळे असतात! स्कूटरला काय आहे? एक दिवा, तोही चालत नाही!

आणि त्या स्कूटरवर मागं कोण? मी. रोज. ऑफिसच्या बसपर्यंत सोडायला ताता. लायसन्स माझ्याकडं आहे, पदवी माझ्याकडं आहे, दोन धडधाकट डोळे माझ्याकडं आहेत, पण हँडल कोणाकडं? तातांकडं! "लष्करच्या गल्ल्या आहेत या, तुला नाही जमायचं." मग मी मागं बसून, "ताता, डावीकडं रिक्षा! ताता, डावीकडं म्हैस! ताता, डावीकडं अख्खी बन्नूरची बस आहे ताता!" आणि ताता शांतपणे, "काणतंय, काणतंय." काय काणतंय? डावीकडचं जग त्यांच्यासाठी केव्हाच संपलं होतं! जेवताना आई पापड डावीकडं ठेवायची तर ताता ओरडायचे, "वनजा, पापड विसरलीस!" आणि आई बिचारी उठून ताट फिरवायची. ताट! ताता फिरायचे नाहीत, ताट फिरायचं!

हे असं चाललेलं असताना आले वेंकोबा.

वेंकोबा म्हणजे तातांचे बागेतले मित्र. निवृत्त मास्तर. सकाळी बागेत सगळी म्हातारी माणसं गोल उभी राहून हात वर करून मोठमोठ्यानं हसतात ना, त्यांचे हे पुढारी. त्यांच्या संकर्षणनं, म्हणजे मुलानं, कुठून तरी रंगीत चित्रं छापून आणून दिली. चित्रं म्हणजे काय? ठिपके! नुसते ठिपके! रांगोळीच्या डब्यांवर कोणीतरी शिंकलंय असं वाटावं. पण वेंकोबा काय म्हणतात, की या ठिपक्यांच्या आत एक चित्र लपलेलं आहे. नाक लावायचं कागदाला, मग हळूहळू मागं यायचं, पापणी पाडायची नाही, कागदाकडं बघायचं नाही, कागदाच्या पलीकडं बघायचं… की आतलं चित्र असं उठून पुढं येतं. "पलीकडं बघायचं, मानाजीराव. देवाकडं बघतो तसं. समोरचं दगड, पलीकडचं देव, अल्वा?" आणि हा म्हणे डोळ्यांचा व्यायाम! रोज केला की चष्मा सुटतो, डोकं दुखायचं थांबतं, आणि मोतीबिंदू… काय होतो माहितेय? विरघळतो! साखरेसारखा!

झालं. तातांना पाहिजेच होतं ते. सुरी नको, टाके नको, विरघळतोय ना? विरघळू दे! दुसऱ्या दिवशी चित्र आमच्या हॉलच्या भिंतीवर, बरोबर तातांच्या नाकाच्या उंचीवर. आणि फर्मान सुटलं, घरातल्या सगळ्यांनी करायचं. व्यायाम एकट्यानं केला तर लागू पडत नाही म्हणे!

पहिले ताता. नाक लावलं, मागं आले, मिशी थरथरली, आणि गर्जना, "काणतंय! हत्ती!"

मग मंजूकाका. माझा काका मंजुनाथ, तातांचा मुलगा, त्यांना दादा म्हणतो, बोलायला लागला की थांबत नाही. गेला, नाक लावलं न लावलं, "अय्यो, केवढा हत्ती! अंबारीसकट काणतंय, दादा!" मग आई. आईचं लक्ष अर्धं गॅसवर. "काणतंय, मामंजी, काणतंय," आणि पळाली आत, सांबार उतू जात होतं. शेजारच्या शकुंतलाबाई दही मागायला आल्या होत्या, त्यांनाही उभं केलं. त्या तर हातच जोडून उभ्या राहिल्या! "अंबारीत देवी बसलेली काणतंय हो मला, मानाजीराव!" आणि डोळ्यांत पाणी! दही राहिलं बाजूला.

मग माझी पाळी. नाक लावलं. मागं आले. पापणी पाडली नाही, डोळ्यांतून पाणी आलं, कागदाच्या पलीकडं बघितलं, भिंतीच्या पलीकडं बघितलं, मला वाटतं पार श्रीरंगपट्टणपर्यंत बघितलं… ठिपके! ठिपक्यांशिवाय काही नाही! हत्ती सोडा, हत्तीचं शेण सुद्धा नाही!

"काणतंय का, सहाना?"

"नाही, ताता."

काय सांगू तुम्हाला, सगळे एकदम सुरू. आई म्हणते, "मोबाइल बघून बघून गेले गे डोळे." मंजूकाका, "आजकालच्या पोरांना धीर नाही, हत्ती काय धावत येणार आहे?" शकुंतलाबाई, "भक्तिभाव लागतो त्याला." भक्तिभाव! ठिपक्यांना!

आणि मग रोज. रोज हो! दिवस उजाडला की नाक भिंतीला आणि मागून, "काणतंय का?" "नाही, ताता." "काणतंय का?" "नाही, ताता." अप्पा, म्हणजे माझे वडील, तेवढे वाचले, ते नोकरीला पिरियापट्टणला, शनिवारी येतात. पण फोनवर काय विचारतात? "जेवलीस का" नाही. "काणलं का?" म्हणतात! मोहल्लाभर झालं. खालचा वेल्डिंगवाला, ज्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर काळी काच, समोर ठिणग्या उडताहेत, तो काच वर करून मला विचारतो, "हत्ती काणलं का, अक्का?" मी म्हटलं, तू आधी तुझं बोट बघ!

तुम्ही म्हणाल, एवढी तोंडाळ मुलगी, म्हणायचं ना सरळ "काणतंय" आणि मोकळं व्हायचं! मंजूकाकानं सुद्धा तेच सांगितलं, हळूच, जिन्यात. "हो म्हण की गे, काय जातंय तुझं?" पण नाही! जे दिसत नाही ते दिसतंय का म्हणायचं? का? मोठ्यांनी विचारलं म्हणून? मी नाही म्हणत जा!

पण खरं सांगू? आतून मी घाबरले होते. सगळ्यांना दिसतं आणि मला दिसत नाही. शकुंतलाबाईंना दिसतं, ज्यांना स्वतःचं दार सापडत नाही! मग माझ्याच डोळ्यांत काहीतरी असणार. आणि भीती एकदा डोळ्यांत शिरली की झालं. ऑफिसात स्क्रीनवरची अक्षरं हलायला लागली. बसच्या पाट्या मी एक डोळा झाकून वाचायला लागले, मग दुसरा झाकून. शेजारच्या प्रवाशाला वाटलं मी त्याला डोळा मारतेय, तो उठून पुढं जाऊन बसला! माझं काम सगळं डोळ्यांचं, दिवसभर बारीक नकाशे. डोळे गेले तर मी करायचं काय? शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नंबर लावला. कोणाला सांगितलं नव्हतं. पण आमच्या घरात फोनवर बोललेलं वेल्डिंगच्या आवाजात सुद्धा ऐकू जातं.

ताता केवढे खूश! "अस्सं! पटलं ना? चल, मी नेतो तुला."

"ताता, मी रिक्षानं जाते."

"नको. तुला काणत नाही. रस्ता कसा ओलांडशील?"

आता बघा, ज्याला मोतीबिंदू तो पुढं हँडल धरून, आणि जिला मोतीबिंदू नाही ती मागं, पोटाशी हत्तीच्या चित्राची गुंडाळी धरून! हो, चित्रही बरोबर घेतलं होतं, डॉक्टरांना दाखवायला. आणि जाताना काय झालं माहितेय? एका कापडाच्या दुकानाबाहेर, डाव्या हाताला, साडी नेसवलेली बाहुली उभी असते ना, ती. ताता वळवता वळवता थेट तिच्या पायाशी! ब्रेक मारला, आणि वर तिलाच सांगताहेत, "स्वल्प जरुगी, अम्मा." बाई, जरा सरका! ती कशी सरकणार? ताता दोनदा म्हणाले. मग मला म्हणतात, "केवढी उद्धट बाई!" मी हसलेसुद्धा नाही. बाहुलीच्या जागी खरी बाई असती तर?

पोचलो एकदाचे. डॉक्टर विभावरी. नाशिककडच्या, नवऱ्याची बदली झाली म्हणून नव्यानं मैसूरला आलेल्या. मराठी ऐकलं आणि ताता असे फुलले! मला खुर्चीत बसूच दिलं नाही, स्वतःच बसले.

डॉक्टर गोड आवाजात, "बोला आजोबा, काय होतंय?"

"मला काय नाही, बाई. माझे दोन्ही डोळे काणतंय."

डॉक्टर दचकल्या. "दोन्ही काणे?"

"हां! दोन्ही! उजवा तर फार बेस काणतंय. लहानपणापासून."

"अरे देवा! लहानपणापासून?"

"घराण्यातच आहे ते, बाई. माझ्या वडिलांचे पण असेच काणायचे. आजोबांचे पण. घोडदळात होते ना!"

"घोडदळात!" डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग आजोबा… तुम्ही इथपर्यंत आलात कसे?"

"स्कूटरवर."

"चालवत कोण होतं?"

"मीच! ही मागं बसलेली. हिला काणत नाही ना, मग हिच्या हातात हँडल कसं देणार?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार, तर ताता पुढं, "हिचं अजिबात काणत नाही हो. एवढं सुद्धा नाही! घरात सगळे काणतात, ही एकटीच अशी निघाली. लग्न कसं व्हायचं हिचं? काहीतरी करा!"

अहो, त्या बाईंचा चेहरा! त्यांना वाटलं, अख्खं घर आंधळं, एकच मुलगी डोळस जन्मली, आणि हे तिच्यावर इलाज मागताहेत!

मी मग दुसरी खुर्ची ओढली आणि एका दमात सगळं सांगितलं. काणणं म्हणजे काय, ठिपके म्हणजे काय, हत्ती म्हणजे काय. डॉक्टर इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की स्वतःचेच डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "ये, तुझे आधी बघते."

बघितले. डोळ्यांत उजेड पाडला, अक्षरं वाचायला लावली. मग एक काळसर चष्मा घालून एका पुस्तकातलं माशीचं चित्र दाखवलं. "पंख धर." मी हात पुढं केला आणि किंचाळले! माशी कागदातून वर उठलेली! जिवंत! एवढे मोठे पंख! डॉक्टर म्हणाल्या, "उत्तम. दोन्ही डोळे उत्तम, आणि दोन्ही मिळून काम करतात. तुला काही झालेलं नाही."

तुम्हाला सांगते, त्या खुर्चीत मी अशी मोकळी झाले… इतके दिवस छातीवर जो हत्ती बसला होता ना, जो भिंतीवर कधी दिसला नाही, तो उठून गेला!

"मग मला ते चित्र का दिसत नाही?"

"ती एक हातोटी आहे. काहींना जमते, काहींना नाही. नाही जमली म्हणून डोळा वाईट नसतो. गंमत म्हणून बघा हवं तर, पण त्यानं मोतीबिंदू विरघळत नाही. बघू तरी चित्र." गुंडाळी उलगडली, नाकाजवळ नेली, मागं नेली. एका मिनिटात म्हणाल्या, "यात हत्ती कुठाय? ही तर किटली आहे."

किटली!

चहाची! अंबारी नाही, देवी नाही, किटली! शकुंतलाबाई किटलीला हात जोडून रडल्या होत्या!

मी तातांकडं वळले. ताता भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बघत होते. फार लक्ष देऊन. डॉक्टरांनी हळूच त्यांचा उजवा डोळा आपल्या तळव्यानं झाकला. "आजोबा, माझी किती बोटं आहेत?"

"कुठं?"

"समोर."

ताता म्हणाले, "खोलीत लाइट गेलंय काय?"

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, हे चित्र दिसायला दोन्ही डोळे लागतात. एका डोळ्यानं ते कोणालाच दिसत नाही. मग तुम्हाला हत्ती कसा दिसला?"

मला वाटलं, आता मिशी थरथरणार, घोडदळ निघणार. काही नाही. ताता बारीक आवाजात म्हणाले, "वेंकोबा म्हणाला, हत्ती आहे."

आता मात्र माझा पारा चढला! "म्हणजे तुम्हाला कधीच काणलं नव्हतं? आणि मला रोज नाक लावायला लावलंत? मोहल्लाभर माझी…! का, ताता? का?"

"वेंकोबानं बागेत सगळ्यांपुढं विचारलं, काणतंय का. सगळे हो म्हणाले. मानाजीरावानं नाही म्हणायचं? मग घरी आलो तर वनजा पण हो म्हणाली, मंज्या पण हो. मला वाटलं, खरंच असेल हत्ती. तू एकटी नाही म्हणायचीस. म्हणून तर रोज विचारायचो गे. तू खोटं बोलत नाहीस. ज्या दिवशी तू हो म्हणशील, त्या दिवशी धरायचं, व्यायामात काहीतरी आहे. मग सुरी नको."

भांडायला उभी राहिलेली मी, परत खुर्चीत टेकले.

मग हळूहळू बाहेर आलं. तातांचे थोरले भाऊ, दामोदरराव. मी फक्त फोटोत बघितलेले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन फार वर्षांपूर्वी झालं होतं, बिघडलं, डोळा गेला. गल्लीतली पोरं त्यांना "ओक्कण्णा, ओक्कण्णा" करायची. एकडोळ्या. त्या पोरांच्या मागं काठी घेऊन धावायचे ते धाकटे मानाजी. इतकी वर्षं पोटात ठेवून, वर घोडदळाची नजर म्हणे!

डॉक्टरांनी समजावलं. तेव्हाचं वेगळं, आताचं वेगळं, आता भूल म्हणजे थेंब, आणि टाका बहुतेकदा लागतच नाही. ताता सगळं ऐकत होते, पण डॉक्टरांकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते, मान पूर्ण डावीकडं वळवून, उजव्या डोळ्यात मी यावी म्हणून. "सहाना, तू सांग. करू का?"

बघा! एरवी मला हँडल देत नाहीत, आणि आता डोळा देताहेत हातात!

"करा," म्हटलं मी. म्हणताना आवाज एकदम खणखणीत आला.

आणि जाताना मी हात पुढं केला. तातांनी किल्ली दिली. लष्करच्या गल्ल्यांचं नाव न काढता!

चुकीचं ऐकून डॉक्टरांनी निदान मात्र बरोबर केलं होतं, हे मला स्कूटर चालवताना सुचलं. काणा कोण होता, डोळस कोण होती, पहिल्या मिनिटालाच कळलं होतं बाईंना!

घरी येऊन मी एकेकाला धरलं. आई म्हणाली, "अय्यो, मला कुठलं काणतंय, हो नाही म्हटलं तर मामंजी सोडतात का? सांबार करपलं असतं." मंजूकाका म्हणाला, "दादानं हत्ती म्हटलं, मी अंबारी जोडली. मैसूरमध्ये हत्ती रिकामा फिरतो काय?" आणि शकुंतलाबाई? शकुंतलाबाई अजून म्हणतात, देवी होती.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर. मी! जी म्हणत होते साधं असतं, जेवायला घरी! मनात एकच, मी हो म्हटलंय. आई नाही, काका नाही, मी. काही झालं तर फोटोतले ते दामोदरराव मला जाब विचारणार. वेंकोबा पण येऊन बसले होते, तोंड एवढंसं करून. "मी चांगल्यासाठीच सांगितलं गे." मी म्हटलं, "काका, आता पलीकडं बघा, देवाकडं बघतो तसं, आणि गप्प बसा." बसले बिचारे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची. डॉक्टरांनी हळूच कापूस उचलला, डोळा पुसला, म्हणाल्या, "उघडा, आजोबा." त्या पुढं काही विचारणार, तेवढ्यात कोण ओरडलं माहितेय? मी!

"काणतंय का? ताता, काणतंय का?"

ताता डोळे मिचकावतात… छताकडं बघतात… खिडकीकडं… मग डावीकडं, मी उभी होते तिकडं. मान न वळवता! नुसती नजर फिरवून! बघितलं, बघितलं, आणि म्हणतात,

"सहाना, कानात किती भोकं पाडलीयस गे?"

अहो, मी तिथंच मटकन खाली बसले! हसतेय की रडतेय, माझं मलाच कळेना! वर्ष झालं मला कान टोचून! वर्षभर मी जेवायला तातांच्या डाव्या बाजूला बसत होते ती काय उगाच? आता काय, डावीकडचं सगळंच काणतंय! पापड काणतो, म्हैस काणते, मी मागं वेडावून दाखवलेलं काणतं! डॉक्टरांनी काही दिवस स्कूटर बंद सांगितली, म्हणून हँडल माझ्याकडं, पण मागून सुख आहे का? "डावीकडं खड्डा! डावीकडं कुत्रं! सहाना, डावीकडं तो पोरगा तुझ्याकडं बघतोय, ओळखीचा आहे काय?"

बरं, एवढं झाल्यावर ते चित्र निघालं असेल भिंतीवरून, असं वाटतं ना तुम्हाला? छे! ताता बरे झाले, आणि पहिल्या सकाळी नाक लावून उभे. मागं आले, मिशी थरथरली, "किटली! तोटी उजवीकडं काणतंय!" पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं मी. तोटी उजवीकडंच आहे. आणि ताता वेंकोबांना काय सांगतात? "चित्रांनीच डोळा बरा झाला हो. ऑपरेशन एक निमित्त!"

आता घरात सगळ्यांना किटली काणते. आईला झाकण काणतं. मंजूकाकाला शेजारी कपबशी काणते, बिस्किटांसकट. आणि रोज सकाळी, दात घासलेले नाहीत, कॉफी पोटात नाही, नाक भिंतीला, आणि मागून, "काणतंय का, सहाना?"

परवा मात्र मी दमले. बसची वेळ झाली होती. म्हटलं, जाऊ दे, एवढं सगळं चांगलं झालं, म्हाताऱ्याचं मन राखावं, काय जातंय आपलं? आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "काणते, ताता. किटली काणते. वाफसुद्धा येतेय!"

तातांनी माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून. दोन्ही डोळ्यांनी.

"खोटं बोलतेस, सहाना," म्हणाले. "मला काणतंय."

काय करणार? लावलं परत नाक भिंतीला.